जागेपणी मेंदूचं ऑपरेशन: विजेने नकाशा कसा काढतात आणि त्यासाठी घरून काय तयारी करायची

“मध्येच जागं करणार म्हणतात. डोकं उघडं असताना. असं कधी असतं का हो?”

नातेवाईक हे विचारतात तेव्हा पेशंट बहुधा गप्प बसलेला असतो. सगळे बाहेर गेले की तो हळूच विचारतो, “दुखेल का?” दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे येतील. आधी माझी जागा सांगते. मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. अशा ऑपरेशनमध्ये सर्जन पडद्याच्या पलीकडे असतात आणि मी अलीकडे, पेशंटच्या तोंडासमोर, स्टुलावर. हातात टॅब्लेट. चित्रं दाखवायची, उत्तर ऐकायचं, गडबड झाली की त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं. मेंदू मला फारसा दिसत नाही. मला माणूस दिसतो. हा लेख त्या स्टुलावरून लिहिला आहे. ज्यांना ‘तुमची गाठ बोलण्याच्या किंवा हातापायाच्या भागाजवळ आहे, जागेपणी करू’ असं सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

## वीज नेमकं काय करते

मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी थोडा प्रवाह दिला की दोन तऱ्हेच्या गोष्टी घडतात. हालचालीच्या पट्ट्यावर दिला तर काहीतरी होतं: अंगठा हलतो, ओठ एका बाजूला ओढला जातो. शेजारच्या संवेदनेच्या पट्ट्यावर दिला तर गालाला, बोटांना मुंग्या येतात. यातलं हालचालीचं १८७० पासून माहीत आहे. त्या साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्यांवर हा प्रयोग केला. १९३७ मध्ये मॉन्ट्रियलचे मेंदूचे सर्जन पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी बोल्ड्री यांनी जागेपणी ऑपरेशन झालेल्या माणसांच्या नोंदींवरून शरीराचा तो प्रसिद्ध वेडावाकडा पुतळा मांडला: ज्या अवयवाला मेंदूत जागा जास्त तो मोठा, म्हणून मोठे ओठ, मोठा अंगठा, इवलंसं धड.

भाषेच्या भागावर मात्र वीज दिली की काहीच होत नाही. कुणी शब्द उच्चारत नाही, कुणाला काही जाणवत नाही. पेशंट शांत पडलेला असेल तर तो भाग मुका आहे असंच वाटेल. त्याच वेळी तो बोलत असेल, तर बोलणं अडतं. इथे वीज त्या भागाचं काम तीन-चार सेकंद बंद पाडते, आणि बंद पडलेलं काम दिसायला ते काम आधी चालू असावं लागतं.

आपण चित्रांची नावं विचारली तर नावं सांगण्याच्या जागा सापडतील. वाचायला दिलं नाही तर वाचनाच्या जागा सापडणार नाहीत. त्या वेगळ्या असू शकतात. जे विचारलं नाही, त्याची खूण नकाशावर उमटत नाही. म्हणून तयारीतला मोठा वाटा घरच्यांचा असतो, आणि हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

## पायरी १: हे आपल्याला लागतंय का, ते विचारा

एमआरआयवर गाठ दिसते, मग नकाशा वेगळा कशाला? कारण भाषेच्या जागा माणसागणिक बदलतात. सिएटलचे मेंदूचे सर्जन जॉर्ज ओजेमान यांनी १९८९ मध्ये ११७ रुग्णांचे नकाशे एकत्र मांडले. त्यात पुस्तकात आखलेले मोठे प्रदेश दिसले नाहीत. बऱ्याच जणांत एक-दोन चौरस सेंटिमीटरचे छोटे ठिपके होते, आणि प्रत्येकाचे वेगळ्या जागी. फंक्शनल एमआरआय काम करताना कोणकोणते भाग सामील होतात ते दाखवतो, पण त्यातला कोणता भाग काढला तर काम अडेल हे त्यावरून कळत नाही. शिवाय कवटी आणि आवरण उघडलं की मेंदू थोडा सरकतो, आणि आदल्या दिवशीचं चित्र तंतोतंत जुळत नाही.

फायदा किती, असंही विचारा. ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या ८,०९१ रुग्णांची माहिती एकत्र करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विजेने नकाशा काढून केलेल्या ऑपरेशननंतर कायमचा गंभीर दोष ३.४ टक्क्यांमध्ये राहिला, नकाशाविना केलेल्यांत ८.२ टक्क्यांमध्ये.

सर्जनना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. गाठ कोणत्या कामाच्या जवळ आहे? फक्त हातापायाचा प्रश्न असेल तर पूर्ण भुलेत नकाशा काढता येईल का? (बरेचदा येतो, त्याबद्दल खाली.) आत कोण कोणत्या चाचण्या घेणार, आणि कोणत्या भाषेत? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका.

सगळ्यांना हे जमत नाही. सतत खोकला, झोपेत श्वास अडण्याचा जोराचा त्रास, खूप घाबरट स्वभाव, किंवा गाठीमुळे आधीच बोलणं बरंच गेलेलं असेल तर टीम विचार करते. आधीच्या चाचणीत चारातलं एक चित्र चुकत असेल तर आत वीज लावून चुकलं की आपोआप चुकलं, हे ओळखणार कसं? अशा वेळी सूज उतरवणारी स्टेरॉइडं काही दिवस देऊन पुन्हा तपासतात. पुष्कळदा तेवढ्यानेही बोलणं सुधारतं.

## पायरी २: चित्रांचा गठ्ठा

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

चित्रओळख ही या नकाशाची मुख्य चाचणी. जगभर वापरला जाणारा रेषाचित्रांचा एक संच १९८० मधला आहे, २६० चित्रांचा. त्यात आर्टिचोक आहे, रॅकून आहे, स्कंक आहे. मी नवीन असताना तसलाच एक तयार संच घेऊन एका काकांसमोर बसले होते. जनावराचं चित्र आलं. काका बराच वेळ बघून म्हणाले, “मांजर नाही. मुंगूसही नाही. तुम्हीच सांगा.” मेंदू ठणठणीत होता. चित्र चुकीचं होतं. सुदैवाने हे ऑपरेशनच्या आधी, खोलीत घडलं.

दुसरी अडचण मराठीचीच. तीच वस्तू, दहा नावं. पुण्यात पेरू, मराठवाड्यात जाम. कुणाची केरसुणी, कुणाचा झाडू, कुणाचा फडा. बटाटा नागपूरकडे आलू होतो आणि कोथिंबीर सांबार. कुणी कुलूप म्हणतं, कुणी टाळं. माझ्या कागदावर ‘कुलूप’ लिहिलेलं असताना पेशंट ‘टाळं’ म्हणाला आणि मी ‘चूक’ ओरडले, तर सर्जन तिथे खूण करतील आणि काढण्याजोगा भाग विनाकारण आत राहील. उलट एरवी ‘कुलूप’ म्हणणारा माणूस आत ‘किल्ली’ म्हणाला, तर ती खरी चूक आहे.

म्हणून घरी हे करा:

- पेशंटच्या रोजच्या वापरातल्या ऐंशी ते शंभर वस्तूंचे साधे फोटो काढा. एका फोटोत एकच वस्तू, मागे कोरी भिंत किंवा चादर. कुकर, पोळपाट, विळी, छत्री, कंगवा, चपला, रिक्षा, तुळस, नारळ, म्हैस.
- चित्र दाखवून पेशंट पटकन काय म्हणतो, तो शब्द जसाच्या तसा लिहा. सुधारू नका. ‘चावी’ म्हणाला तर चावीच लिहा.
- दोन वेगवेगळ्या दिवशी दाखवा. दोन्ही वेळा लगेच, तोच शब्द आला तर फोटो ठेवा. जरा जरी अडखळला तरी बाजूला काढा.
- हा गठ्ठा भाषातज्ज्ञ किंवा मानसतज्ज्ञाला द्या. ते स्वतः पुन्हा तपासतील आणि आपल्या संचात मिळवतील. शेवटचं ठरवणं त्यांचं.

घरच्या फोटोंपैकी काहीच आत जातील हे खरं, कारण शब्दांची लांबी, परिचय, अवघडपणा सगळं बघावं लागतं. पण त्या यादीतून पेशंटची बोली कळते, आणि तेवढ्याने अर्धं काम होतं.

मग कामधंद्याचं सांगा. दुकानदार आहे? तोंडी हिशेब करतो का? शिक्षिका आहे? मोठ्याने वाचणं महत्त्वाचं. कीर्तनकार, वकील, तबलजी, रिक्षाचालक, शिवणकाम करणारी बाई, प्रत्येकाचं जपायचं वेगळं. उजव्या मेंदूत गाठ असली की ‘बोलण्याचा प्रश्न नाही, मग काही काळजी नाही’ असं नातेवाईक धरून चालतात. तिथे डाव्या बाजूचं भान असतं. ते गेलं तर ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि डावीकडून येणारी गाडी दिसत नाही. त्याची चाचणी अगदी साधी: कागदावरच्या आडव्या रेघेचा मध्य दाखवा. वीज लागली की बोट उजवीकडे घसरतं.

हिशेबाच्या चाचणीबाबत एक सावधगिरी. आपल्याकडे पाढे घोकलेले असतात. ‘सात सक बेचाळीस’ हे गणित नव्हे, पाठांतर आहे, आणि पाठांतर वेगळ्या वाटेने येतं. म्हणून ‘त्रेसष्टातून अठरा गेले?’ असं विचारावं.

## पायरी ३: कोणती भाषा?

‘साहेबांना इंग्रजी येतं, इंग्रजीत विचारा’ असं अभिमानाने सांगणारे मुलगे मला भेटतात. विचारू. पण घरी वडील आईशी कोणत्या भाषेत भांडतात?

सिएटलमध्येच २५ द्विभाषिक रुग्णांचे नकाशे अभ्यासले गेले आणि २००४ मध्ये निष्कर्ष आले. काही जागी वीज दिल्यावर दोन्ही भाषा अडल्या, काही जागी फक्त पहिली, काही जागी फक्त दुसरी. म्हणजे एका भाषेत ‘सुरक्षित’ निघालेली जागा दुसरीसाठी सुरक्षित असेलच असं नाही. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी ही साधी गोष्ट आहे. बेळगावला कानडी जोडा, गोव्यात कोंकणी. सगळ्या भाषांना आत वेळ मिळत नाही. जागेपणाचा कामाचा काळ साधारण तास-दोन तासांचा, त्यानंतर माणूस थकतो. म्हणून क्रम आधीच लावावा लागतो, आणि तो लावताना पेशंटला विचारा. ‘एकच भाषा राहणार असेल तर कोणती?’ असं क्रूरपणे विचारू नका. ‘दिवसभर कुणाशी काय बोलता?’ एवढं पुरतं.

मराठीचा एक फायदा मला स्टुलावर बसून कळला. चित्र बघून नुसतं नाव सांगण्याऐवजी आम्ही ‘ही छत्री आहे’, ‘हा कंगवा आहे’, ‘हे कुलूप आहे’ असं पूर्ण वाक्य म्हणायला सांगतो. वीज लागल्यावर पेशंट एकदम मुका झाला तर तोंड-जिभेची यंत्रणा थांबली असावी. पण तो ‘ही… ही…’ करत राहिला, तर जीभ चालू आहे, एवढंच नव्हे, शब्दाचं लिंगही सापडलंय. फक्त नाव हाती लागत नाही. सर्जनसाठी या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. सगळीकडे ‘हे काय?’ विचारून एका शब्दात उत्तर घेतलं तर हा फरक हातातून जातो.

## पायरी ४: आदला दिवस आणि सकाळ

फिटच्या गोळ्या चुकवू नका. ‘उपाशी राहायचंय म्हणून गोळी घेतली नाही’ हे मी अनेकदा ऐकलंय. भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारून घोटभर पाण्याबरोबर कोणती गोळी घ्यायची ते लिहून घ्या.

चष्मा द्या. श्रवणयंत्र द्या. दोन्हींवर नाव लिहा आणि ऑपरेशन थिएटरात जाणाऱ्या सिस्टरच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका. चष्म्याविना चित्र दिसलं नाही तर सगळी तयारी पाण्यात.

ज्या कुशीवर झोपवणार आहेत, त्या कुशीवर घरी तासभर न हलता पडून बघा. हसू येईल, पण आत सगळ्यात जास्त तक्रार कंबरेची आणि खांद्याची असते, डोक्याची नव्हे. तोंड कोरडं पडतं, ओला बोळा देतात. मेंदूची सूज उतरवायच्या औषधाने लघवी खूप होते. नळी लावलेली असते, तरीही लागल्यासारखं वाटत राहतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

## पायरी ५: आत काय होतं

बहुतेक ठिकाणी आधी गाढ किंवा हलकी झोप देतात. टाळूच्या त्वचेला जाणाऱ्या नसा ठरलेल्या आहेत, एका बाजूच्या सहा. त्यांच्याभोवती दीर्घकाळ टिकणारी बधिरतेची इंजेक्शनं देतात. मग डोकं तीन टोकांच्या शिकंज्यात पक्कं करतात, त्वचा आणि कवटी उघडतात. यातलं काही आठवत नाही किंवा थोडंसं आठवतं.

दुखेल का, याचं उत्तर: मेंदूला स्वतःला दुखण्याच्या नसा नाहीत. त्वचेला आहेत, ती बधिर केलेली असते. मधल्या आवरणाला मात्र आहेत, विशेषतः रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि तळाकडे. तिथे हात लागला तर डोळ्यामागे किंवा कानापाशी कळ येते. लगेच सांगायचं. सर्जन तिथे औषध टोचतात. सोसून पडून राहणाऱ्या पेशंटचा नकाशा चांगला येत नाही, कारण अर्धं लक्ष दुखण्यात असतं.

झोपेचं औषध उतरलं की आम्ही नाव, गाव, वार विचारतो. लगेच नकाशा सुरू करत नाही. गुंगीतला माणूस चुकतो आणि ती चूक विजेच्या नावावर जाते. सोपी दहा चित्रं विजेविना सलग बरोबर आली की मी पडद्याकडे बघून ‘तयार’ म्हणते.

## पायरी ६: प्रवाह ठरवणं

सर्जनच्या हातात दोन बारीक टोकांची कांडी असते, टोकांमधलं अंतर ५ मिलिमीटर. प्रवाह सेकंदाला ५० ते ६० वेळा दोन्ही दिशांनी, प्रत्येक ठोका सुमारे एक मिलिसेकंदाचा. सुरुवात साधारण १ ते दीड मिलिअँपियरपासून, आणि अर्ध्या-एकच्या टप्प्याने वर. जागेपणी सहसा सहाच्या पुढे जात नाहीत.

सुरुवात बहुधा चेहऱ्याच्या किंवा हाताच्या पट्ट्यापासून करतात, आणि यामागचं कारण मला फार शहाणपणाचं वाटतं. तिथे उत्तर डोळ्यांना दिसतं: ओठ हलला, किंवा पेशंट म्हणाला ‘गालात मुंग्या’. म्हणजे यंत्र चालू आहे, तार जोडलेली आहे, प्रवाह पुरेसा आहे. हे न करता पुढे गेलात आणि कुठेच काही अडलं नाही, तर मेंदू सुरक्षित होता की मशीन बंद होतं? ‘काहीच सापडलं नाही’ हे उत्तर तेवढ्यापुरतंच खरं असतं, जेवढी सुरुवातीची ही खात्री पक्की.

पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवून मेंदूचे तरंगही बघतात. वीज थांबवल्यावरही तरंग उसळत राहिले तर ते फिटचं पहिलं पाऊल समजतात आणि प्रवाह कमी करतात. ‘जास्त वीज, जास्त खात्री’ असं इथे नसतं. प्रवाह वाढला की तो आजूबाजूला पसरतो आणि निरपराध जागेवर खूण पडते.

## पायरी ७: खुणा

दर चार सेकंदांना एक चित्र. चित्र येण्याच्या किंचित आधी कांडी टेकते, उत्तर आलं की उचलतात, फार तर चार सेकंद. पेशंटला कधी वीज आहे, कधी नाही हे सांगत नाहीत. मध्ये विजेविनाही चित्रं दाखवतात. एकाच जागी लागोपाठ दोनदा देत नाहीत, फिरून येतात. प्रत्येक जागा किमान तीनदा. तीनपैकी दोनदा तरी अडलं तर ती खूण पक्की. निर्जंतुक कागदाचा छोटा आकडा तिथे ठेवतात. असे आकडे पेनफिल्डही ठेवत असत.

मी नुसतं ‘चुकलं’ म्हणत नाही, कसं चुकलं ते म्हणते:

“थांबला” म्हणजे बोलणं पूर्ण बंद. पेशंट एक-दोन-तीन मोजत असेल तर मोजणीच मध्येच तुटते. ही जागा गंमत म्हणजे पुस्तकात बोलण्याचा म्हणून दाखवलेल्या ब्रोकाच्या भागापेक्षा पुष्कळदा जरा मागे, तोंडाच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला सापडते.

“नाव नाही” म्हणजे ‘हा… हा… ते केसांचं…’. “ध्वनी” म्हणजे कंगव्याचा ‘कंवगा’. “अर्थ” म्हणजे कंगवा दाखवला आणि ‘आरसा’ म्हणाला, तेही अगदी ठामपणे. “मागचं” म्हणजे चित्र बदललं तरी आधीचाच शब्द. “जीभ” म्हणजे शब्द बरोबर पण दारू प्यायल्यासारखा उच्चार.

पेशंटसाठी एकच सूचना: अडलात तर अडा. झाकू नका. चुकलं की माणूस खजील होतो, हसून टाळतो, ‘माहितीये हो मला’ म्हणतो. शाळेची सवय आहे. इथे तुमची चूक म्हणजे सापडलेली जागा.

आणि काहीच अडलं नाही तर? सॅन फ्रान्सिस्कोच्या २५० रुग्णांच्या मालिकेत (२००८) भाषेची निदान एक जागा १४५ जणांमध्ये सापडली, म्हणजे ५८ टक्के. बाकीच्यांत उघडलेल्या भागात एकही नाही. यंत्राची खात्री आधी झालेली असेल तर तेही कामाचं उत्तर आहे. जागा सापडली की तिच्याभोवती सुमारे एक सेंटिमीटर मोकळं ठेवण्याची रूढ पद्धत आहे, काही टीम त्याहून जवळ जातात.

## मध्येच फिट आली तर

येऊ शकते. बोट किंवा गाल फडफडू लागतो आणि थांबत नाही. म्हणून नकाशा सुरू करण्याआधीच बर्फगार सलाइनसारखा द्राव भरून तयार असतो. तो मेंदूवर ओतला की बहुतेक झटके काही सेकंदांत शमतात. ओतलेलं पेशंटला कळत नाही. नंतर थोडा वेळ थांबावं लागतं, कारण झटक्यानंतरची उत्तरं भरवशाची नसतात.

## पायरी ८: गाठ काढताना

नातेवाईकांना वाटतं नकाशा झाला, आता झोपवतील. खरं नाजूक काम आता सुरू होतं. पृष्ठभागाखाली एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारांचे, म्हणजे मज्जातंतूंचे जुडगे आहेत, आणि ते तुटले तर वरची जागा शाबूत असून उपयोग नाही. म्हणून गाठ काढता काढता अधूनमधून खोलात वीज देतात आणि पेशंट बोलत राहतो. चूक कोणत्या प्रकारची, यावरून इथे पत्ता कळतो. ‘कंवगा’सारखी ध्वनीची गफलत झाली की मागून पुढे वळसा घेणारा कमानी जुडगा जवळ आला. ‘आरसा’सारखी अर्थाची गफलत झाली की खालून जाणारा, मागच्या भागाला कपाळाशी जोडणारा. मागचाच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला तर पुच्छकेंद्रक, म्हणजे मेंदूच्या खोलातला पेशींचा एक पुंजका. फ्रान्समधल्या माँपेलिएचे सर्जन ह्यूग दुफो यांनी हे काम फार पुढे नेलं. गाठीची कड दिसेल तिथे थांबण्यापेक्षा काम अडेल तिथे थांबावं, असा त्यांचा आग्रह.

या वेळेला पेशंट थकलेला असतो. मी चित्रं बाजूला ठेवून नातवाबद्दल, पेरणीबद्दल, कालच्या मॅचबद्दल बोलते. गप्पांत वाक्यं छोटी होऊ लागली, उत्तरं उशिरा येऊ लागली की पडद्यापलीकडे सांगते. म्हणून भेटीला आलात की पेशंटला कशावर बोलायला आवडतं ते मला सांगून ठेवा. एका आजींनी मला पुरणपोळीची कृती वीस मिनिटं सांगितली होती. कणीक तिंबण्यापाशी त्या दोनदा अडकल्या, दोन्ही वेळा कांडी एकाच ठिकाणी होती.

## जागं न करता

फक्त मेंदूतून हातापायांकडे जाणारी वाट जपायची असेल तर पूर्ण भुलेतही नकाशा निघतो. १९९३ मध्ये जर्मनीतून आलेल्या पद्धतीत पाच जलद ठोक्यांची मालिका देतात आणि हातापायाच्या स्नायूंत टोचलेल्या सुयांवर उत्तर बघतात. स्नायू शिथिल करणारं औषध मात्र त्या वेळी चालत नाही. खोलात ढोबळ हिशेब असा की उत्तर यायला जितके मिलिअँपियर लागले, साधारण तितके मिलिमीटर ती वाट दूर. भाषेला ही सोय नाही. झोपेत कुणी नावं सांगत नाही.

लहान मुलं आणि फिटच्या आजारासाठी ऑपरेशन करायचं असलेल्यांना दुसरी वाट असते. इलेक्ट्रोड आत बसवून पेशंटला वॉर्डात आणतात आणि दिवस दिवस, पलंगावर बसून, थोडं थोडं तपासतात. घाई नसते, हा मोठा फायदा. तिथे वीज दिल्यावर पेशंट ‘हेच, फिट येण्याआधी असंच होतं मला’ म्हणाला तर ती फार मोलाची खूण. म्हणून फिटच्या आधी काय वाटतं, कसला वास येतो, पोटात काय होतं, हे घरी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

बाहेरून चुंबकाच्या झटक्याने मेंदू चेतवण्याची पद्धतही आहे, १९८५ मध्ये शेफिल्डमधून आलेली. ऑपरेशनआधी आखणी करायला चांगली. आतल्या नकाशाची जागा ती अजून घेत नाही.

## नंतरचे दिवस

पहिल्या आठवड्यात बोलणं आधीपेक्षा बिघडू शकतं. आत तर छान बोलत होते आणि तिसऱ्या दिवशी शब्द सापडेना, म्हणून कॉरिडॉरमध्ये रडारड होते. वर सांगितलेल्या २५० जणांच्या मालिकेत ५६ जणांचं बोलणं पहिल्या आठवड्यात खालावलं होतं. सहा महिन्यांत त्यातले ५२ पूर्वपदावर किंवा त्याहून बरे झाले, चौघांत दोष कायम राहिला. सूज हे एक मोठं कारण.

मेंदूच्या आतल्या मधल्या कडेला, हालचालीच्या पट्ट्याच्या पुढे गाठ असेल तर आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. तिथलं ऑपरेशन झाल्यावर काही पेशंट एकदम बोलायचे थांबतात आणि विरुद्ध बाजूचा हातपाय उचलत नाहीत, जणू लकवा झालाय. हे बहुतेकदा काही आठवड्यांत, कधी महिन्यांत भरून येतं. आधी माहीत नसलं तर ते आठवडे फार वाईट जातात.

भाषेचे व्यायाम लवकर सुरू करा, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं. शब्द येत नसेल तर लगेच तोंडात घालू नका. दहा सेकंद थांबा, मग पहिला आवाज द्या: ‘छ…’. भेटायला आलेल्या प्रत्येकाने ‘मला ओळखलंस का, सांग मी कोण’ विचारण्याची परीक्षा मात्र बंद करा.

तोच फोटोंचा गठ्ठा तीन महिन्यांनी पुन्हा लावा आणि कोणते शब्द उशिरा आले ते तारखेसह मागे लिहा. फेकू नका. हळू वाढणाऱ्या ग्लायोमामध्ये काही वर्षांनी दुसरं ऑपरेशन लागू शकतं, आणि मधल्या काळात मेंदूने काही कामं शेजारी सरकवलेली असतात, पहिल्यांदा सोडून दिलेला भाग दुसऱ्यांदा कधी काढताही येतो. त्या वेळी स्टुलावर कदाचित दुसरंच कुणी असेल. त्यांच्या हातात हा गठ्ठा द्या, आणि पहिल्यांदा कुठल्या चित्राला पेशंट ‘टाळं’ म्हणाला होता तेही सांगा.